शेवटची टिचकी

बंदुकीचा आवाज बनवणं सोपं, शांतता बनवणं कठीण, असं टापा नेहमी म्हणे.

पडद्यावर माणूस चालतो तेव्हा आपल्याला ऐकू येणारी पावलं बहुतेक वेळा त्याची नसतात. शूटिंगच्या गडबडीत ती नीट पकडता येत नाहीत. मग पुढे कधीतरी, एका बंद खोलीत, समोर चित्र लावून दुसराच माणूस चालतो आणि त्याची पावलं पहिल्याच्या पायाला जोडतात. टापा हा तो दुसरा माणूस. त्याने उमेदवारीच्या काळात घोड्यांच्या एवढ्या टापा वाजवल्या होत्या की त्याचं खरं नाव स्टुडिओत कुणाला आठवत नसे.

त्याची खोली तळघरात होती. जमिनीत चौकोनी खड्डे केलेले. एकात खडी, एकात वाळू, एकात सुकी पानं, एकात फरशी. भिंतीला जुने बूट, साखळ्या, कुलपं, एक मोडका दरवाजा चौकटीसकट. लढाईचा चित्रपट आला की टोपलीभर गाजरं यायची, कारण पडद्यावर हाड मोडतं तेव्हा मायक्रोफोनसमोर गाजर मोडतं. लढाई संपली की उरलेली गाजरं काचेपलीकडे बसणाऱ्या रेकॉर्डिस्ट बाई खाऊन टाकत.

"या खेपेला माणसं कमी मारलीत वाटतं," बाई एके दिवशी टोपली बघून म्हणाल्या. "आठवडाभर पुरतील एवढी उरलीत."

टापा हसला नाही. पडद्यावर एक देखणा नट फाटक्या गणवेशात माळरान तुडवत होता. शत्रूच्या मुलखात एकटा अडकलेला अधिकारी, साथीदार मेलेले, गाडी जळालेली, आणि घर डोंगरांच्या पलीकडे. खऱ्या घटनेवरचा चित्रपट होता. ज्याच्यावर तो बेतला होता तो कॅप्टन आता निवृत्त झाला होता, त्याच्या छातीवर पदक होतं, आणि चित्रपटाच्या जाहिरातीत त्याचा फोटो नटाच्या फोटोएवढाच मोठा होता.

"चल, पुन्हा घेऊ," बाई माइकवर म्हणाल्या. "आणि पाय सरळ टाक रे. हिरो लंगडत नाही."

"लंगडत होता," टापा म्हणाला.

"तुला काय माहीत?"

"चाललो होतो ना मी."

बाईंना वाटलं, तो नेहमीसारखा काहीतरी बोलतोय. पण तो खरं तेच सांगत होता.

त्या मोहिमेत तिघे जण होते. कॅप्टन, टापा आणि बारक्या. बारक्या सहा फूट उंच होता, म्हणूनच त्याला बारक्या म्हणत. शत्रूच्या हद्दीतलं एक पंपघर निकामी करायचं, एवढंच काम. टापा आणि बारक्या आत गेले. कॅप्टन थोड्या अंतरावर, कोरड्या पडलेल्या एका हौदात गाडी लपवून थांबला. हौद आणि पंपघर यांना जोडणारा एक जाड लोखंडी पाइप होता. भर दुपारी कुठूनसा एक तोफगोळा आला आणि पंपघराचं छत खाली बसलं. बारक्या तुळईखाली कमरेपर्यंत अडकला. टापाचा पाय मोडला. दार ढिगाऱ्याखाली गेलं.

ओरडायची सोय नव्हती, कारण शत्रूची गस्त जवळच होती. पण बारक्याचा हात पाइपपर्यंत पोचत होता. त्याने पट्ट्याच्या बक्कलने पाइपवर ठोके द्यायला सुरुवात केली. टक-टक. टक. टक-टक. मग एक श्वास जाईल एवढी उसंत, आणि अगदी हलकेच एक शेवटचा. टिक.

"हा कसला इशारा?" टापाने विचारलं होतं. "आपल्याला असा शिकवलेला नाही."

"आमच्या दाराचा आहे," बारक्या म्हणाला. "पत्र्याचं दार आहे आमचं. लहानपणी मी उशिरा घरी गेलो की आई आतून कडी लावून बसायची. मी असं वाजवायचो. शेवटची टिचकी पडेपर्यंत ती उघडायची नाही. म्हणायची, चोराला एवढा धीर नसतो. हाताला तेच येतं बघ. कुणीतरी उघडेलच."

पाइपच्या दुसऱ्या टोकाला कॅप्टन होता. एकदा, फक्त एकदाच, तिकडून कुणीतरी पाइपवर हात आपटून उत्तर दिलं. बारक्या हसला. मग संध्याकाळपर्यंत तो तेच वाजवत राहिला. पुन्हा उत्तर आलं नाही. उन्हं कलली तेव्हा पाइपला कान लावून बसलेल्या टापाला गाडी सुरू झाल्याचं ऐकू आलं. त्या गाडीच्या पंख्याचा पट्टा सैल होता, सुरू होताना किंचाळायचा. तो किंचाळला आणि दूर गेला.

बारक्याने त्यानंतरही वाजवलं. टक-टक. टक. टक-टक. आणि मग शेवटची टिचकी आलीच नाही.

टापा दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्यातून बाहेर निघाला. मोडका पाय ओढत शत्रूच्या मुलखातून चालला, कुणाच्या गोठ्यात लपला, कुणाच्या शेतातले कच्चे बटाटे खाल्ले, सीमा दिसू लागली तेव्हा पकडला गेला. कैदी सुटले तेव्हा घरी आला. तोवर कॅप्टनला पदक मिळालं होतं. आपण पंपघरात शिरून दोघांचे मृतदेह पाहिले आणि एकटे अडकून पडलो, असं त्याने सांगितलं होतं. एक मृतदेह चालत परत आल्यावर त्याने बोलणं थोडं बदललं. आपण पाइपला कान लावून संध्याकाळपर्यंत बसलो होतो, आतून काही म्हणजे काही आवाज आला नाही, असं तो म्हणाला. गाडी पुढे घाटात जळाली आणि मग आपण चाललो, म्हणाला. चौकशी झाली. टापाने ठोके ऐकल्याचं सांगितलं, पण त्यांचा ताल कुणी विचारला नाही. किंचाळणारा पट्टाही सांगितला.

"पट्ट्याची ओळखपरेड करायची का मग?" चौकशीवाल्यांतला एक जण म्हणाला आणि बाकीचे हसले. जखमी माणसाला भास होतात, असं त्यांनी ठरवलं. ते ठोके ऐकलेला तिसरा माणूस कॅप्टनच, आणि तो नाही म्हणत होता. टापाने फौज सोडली आणि स्टुडिओच्या तळघरात कामाला लागला.

आणि आता चित्रपट. अडकला टापा आणि एकटा पडला कॅप्टन. मुंग्यांनी वारूळ बांधावं आणि नागोबाने येऊन राहावं, तसं त्याने ते माळरान, तो गोठा, ते कच्चे बटाटेसुद्धा घेतले होते. चौकशीतला टापाचा जबाबच त्याने पटकथेला दिला होता, फक्त माणूस बदलून. आणि त्या माणसाची पावलं वाजवायला टापालाच खडीत उभं राहावं लागत होतं.

बाईंनी हे सगळं ऐकलं तेव्हा हातातलं गाजर खाली ठेवलं.

"काम सोडून दे," त्या म्हणाल्या. "दुसरा कुणीतरी करेल."

"का सोडू? इतकी वर्षं मी बोलतोय, कुणी ऐकत नाही. आता माझ्याकडे त्याचे कान आलेत."

चित्रपटात पाइपचा प्रसंग होताच. कॅप्टन झालेला नट हौदात बसलाय, पाइपला कान लावून. चेहऱ्यावरून घाम आणि अश्रू. तो वायरलेसवर म्हणतो, "आतून आवाज नाही. माझी माणसं गेली." दिग्दर्शकाने बजावलं होतं, "इथे मला शांतता हवी. काळजाला घरं पाडणारी."

पण नुसता आवाज बंद केला तर ती शांतता वाटत नाही, मशीन बिघडलं असं वाटतं. शांततेत काहीतरी बारीकसं चालू असावं लागतं, म्हणजे बाकी काही नाही हे कळतं. टापाने लोखंडी नळीचा तुकडा टांगला, खाली पत्र्याचा डबा ठेवला आणि ओल्या फडक्यातून एकेक थेंब पाडू लागला. जुन्या पाइपमधून पाणी ठिबकतं तसा. टप-टप. टप. टप-टप. मग उसंत. आणि पुन्हा पहिल्यापासून.

शेवटचा थेंब त्याने पाडला नाही. बारक्याच्या हातून तो पडला नव्हता, म्हणून.

"पाणी फार शिस्तीचं आहे तुझं," बाई काचेपलीकडून म्हणाल्या.

"जुन्या पाइपचं पाणी असंच असतं."

"तो ओळखेल?"

"ओळखावंच. जिथे जिथे हा चित्रपट लागेल तिथे त्याने खुर्चीत बसून हे ऐकावं. लोक टाळ्या वाजवतील आणि याच्या पोटात गोळा येईल. कुणाला सांगताही येणार नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार मी खाल्लाय, आता त्याने खावा."

दिग्दर्शकाला थेंब फार आवडले. "जीव घेतात," तो म्हणाला. "यांना हात लावू नका."

चित्रपट पहिल्यांदा मोजक्या लोकांना दाखवायचा होता. आदल्या दिवशी बाई तळघराच्या पायऱ्या उतरून आल्या आणि दारातच थांबल्या.

"बारक्याची आई येणार आहे. कॅप्टनच घेऊन येतोय तिला."

टापा बूट पुसत होता. त्याचा हात थांबला.

तो सुटून आला तेव्हा पहिल्यांदा तिच्याकडेच गेला होता. त्या पत्र्याच्या दारात उभं राहून त्याने सगळं सांगितलं होतं. कॅप्टनने तिला वेगळं सांगितलं होतं. मुलगा जागच्या जागी गेला, त्याला काही कळलंही नाही, असं. दरवर्षी त्या तारखेला तो फळं घेऊन यायचा, तिला आई म्हणायचा. तिने टापाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं होतं. मग म्हणाली होती, "साहेब म्हणतात, लगेच गेला. तू म्हणतोस, दुपारभर दार वाजवत होता. यातलं कुठलं उशाला घेऊन मी झोपू, ते सांग." आणि तिने दार लावलं होतं. त्यानंतर तो तिकडे फिरकला नव्हता.

"थेंब काढून टाकू?" बाईंनी विचारलं. "तिलाही कळेल ते. तिच्याच दाराचे आहेत. त्या म्हातारीने काय केलंय तुझं?"

टापाने बूट खाली ठेवला.

"तो तिच्या शेजारी बसणार," तो म्हणाला. "तिला आई म्हणणार. मेल्याच्या टाळूवरचं लोणी खायचं आणि वर त्याच्या आईचा हात धरायचा. नाही. थेंब राहू देत."

"वाईट दिसतोस तू असं बोलताना."

"असेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दिवे मालवल्यावर आत शिरला आणि कॅप्टन व म्हातारीच्या मागच्या रांगेत बसला. खुर्च्यांना लाकडी हात होते. पडद्याचा उजेड उजळला की पुढच्या दोघांची डोकी दिसत. कॅप्टनचे केस पिकले होते, पण एक सवय तशीच होती. त्याच्या बोटांना कधीच चैन नसे. पलटणीत असताना नकाशावर, गाडीच्या चाकावर, चहाच्या कपावर, दिसेल त्यावर त्याची बोटं चालत. आताही लढाईच्या संगीताबरोबर ती खुर्चीच्या हातावर हलकेच चालली होती. त्याच्याच शेजारी, त्याच लाकडावर, म्हातारीचा हात होता.

पाइपचा प्रसंग आला. संगीत थांबलं. नटाने कान टेकवला.

टप-टप. टप. टप-टप.

म्हातारीचं डोकं किंचित वर झालं.

टप-टप. टप. टप-टप.

कॅप्टनची बोटं थबकली. टापा पुढे झुकला. इतकी वर्षं त्याने हा क्षण मनात घोळवला होता. वाटलं होतं, त्याला घाम फुटेल, तो उठून जाईल, निदान मान तरी वळवेल. तसलं काही झालं नाही. पडद्यावरचा नट म्हणाला, "आतून आवाज नाही." थेंब पुन्हा पडले, पाचवा पडला, उसंत आली. आणि त्या उसंतीत, अंधारात, कॅप्टनच्या तर्जनीने लाकडावर हलकेच एक टिचकी मारली.

टिक.

त्याचं त्याला कळलंही नसावं. अर्धं म्हटलेलं गाणं मनातल्या मनात पुरं व्हावं, तसं ते आपोआप झालं होतं.

म्हातारीने हात काढून घेतला नाही. ती त्या बोटाकडे बघत राहिली. पुढची फेरी आली आणि पुन्हा त्या बोटाने शेवटची टिचकी दिली. मग प्रसंग बदलला.

चित्रपट संपला, दिवे लागले. निर्माता, दिग्दर्शक, आणखी चार माणसं टाळ्या वाजवत उभी राहिली. कॅप्टनने रुमालाने डोळे टिपले आणि म्हातारीकडे वळला. "आई, त्रास नाही ना झाला?"

"साहेब," ती म्हणाली, "ती शेवटची टिचकी तुम्हाला कशी ठाऊक?"

"कुठली टिचकी?"

"पडद्यावर पाचच पडल्या. सहावी तुम्ही टाकलीत. दोनदा."

कॅप्टन हसला. "सहज हो. बोटांना चाळा आहे माझ्या, तुम्हाला तर माहितीये."

"सहज वाजवून माझ्या दाराची कडी निघत नाही साहेब. ती सहावी पडल्याशिवाय मी कधी दार उघडलं नाही. त्या दुपारपर्यंत जगात दोघांनाच ठाऊक होती. एक मी आणि एक तो."

"मग त्यानेच कधीतरी सांगितलं असेल मला. बोलायचो ना आम्ही."

"असेल," ती म्हणाली. "मग तुम्ही मान का खाली घातलीत?"

त्याने मान वर केली. मागच्या रांगेत टापा उभा होता. कॅप्टनचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"हा! याने केलंय हे. याने भरलेत ते थेंब. मुद्दाम केलंय, आई, सूड घेतोय हा माझ्यावर."

"थेंब मी भरले," टापा म्हणाला. "पाचच भरले."

"तुला काय माहीत तिथे काय होतं? तू आत होतास. बाहेर गस्त होती, माणसं हाकेच्या अंतरावर होती. आणि तो थांबेना. दुपारभर तेच, तेच, तेच. मी एकदा हात मारला, गप बस म्हणून, तर त्याला आणखी जोर चढला. कुणाचं डोकं ठिकाणावर राहील? अजून जात नाही ते माझ्या..."

तो थांबला. टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. दिग्दर्शकाचा हात अर्ध्यावर तसाच होता. रेकॉर्डिस्ट बाई दाराशी तोंडावर हात ठेवून उभ्या होत्या.

निर्मात्याने पहिल्यांदा घसा खाकरला. "हे बघा, हे आपल्यातच राहू दे. चित्रपट लागतोय, शहरभर पोस्टरं लागलीत. आणि थेंब काढून टाकू, झालं."

"थेंब काढायचे नाहीत," म्हातारी म्हणाली.

"अहो मावशी, पण..."

"काढलेत तर मी दारोदार जाऊन सांगेन. ठेवलेत तर गप्प राहीन. मला चित्रपट बंद करायचा नाही. लागू दे." ती कॅप्टनकडे वळली. आवाज मुळीच चढलेला नव्हता. शाळेतल्या मुलाला एखादी गोष्ट नीट समजावी म्हणून सावकाश सांगावी, तशी ती बोलत होती. "तुम्ही मला आई म्हणता. मग आईचं ऐका. जिथे जिथे तुमचा सत्कार होईल, तुम्हाला पुढच्या रांगेत बसवतील, तिथे शेजारची खुर्ची माझी. मी येईन. तुम्ही यायचं टाळलंत, तर का टाळलंत ते मी लोकांना सांगेन."

"आई, मी..."

"बसायचं. शेवटपर्यंत."

कॅप्टन खाली बसला.

बाहेर पायरीवर टापाने तिला गाठलं.

"मावशी, मी तुम्हाला दुखवायला..."

"दुखवायलाच केलंस. मला नाही, त्याला. पण मी मध्ये आहे हे तुला माहीत होतं," ती म्हणाली. "माझी झोप घेतलीस तू. ती काही आता परत यायची नाही."

टापाने मान खाली घातली.

"पुन्हा चौकशी मागायची असेल तर माग. मी साक्ष द्यायला येईन. पदक काढून घ्या, फोटो काढून टाका, काय करायचं ते करा. पण आधी माझं होऊ दे." ती दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. "दुपारभर वाजवत होता ना तो?"

"हो."

"थकला नाही?"

"शेवटी थकला. तोवर त्याला खात्री होती, उघडेल म्हणून."

तिने मान हलवली आणि ती गेली.

चित्रपट लागला त्या दिवशी मोठं थिएटर भरलं होतं. पुढच्या रांगेत हार घातलेला कॅप्टन होता, त्याच्या शेजारी इस्त्रीच्या साडीतली एक म्हातारी. शहिदाची आई म्हणून लोकांनी तिच्यासाठीही टाळ्या वाजवल्या. टापा आणि रेकॉर्डिस्ट बाई अगदी त्यांच्या मागे बसले होते. बाईंनीच तिकिटं मागून घेतली होती.

"तुला बरं वाटतंय का आता?" बाईंनी हळूच विचारलं.

"अजून नाही," टापा म्हणाला.

पाइपचा प्रसंग आला. सगळं थिएटर गप्प झालं. कॅप्टनने दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले होते, मनगटापर्यंत.

टप-टप. टप. टप-टप.

उसंत आली. म्हातारीने खुर्चीच्या लाकडी हातावर, अगदी कॅप्टनच्या कोपराला लागून, नखाने एक टिचकी मारली. टिक. कॅप्टनचे खांदे आखडले. पुन्हा थेंब, पुन्हा उसंत, पुन्हा टिचकी. ती पडद्याकडे बघतच नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती, दार उघडायला बसलेल्या माणसाच्या धीराने.

टापाने डोळे मिटले आणि ऐकलं. चित्रपटातले सगळे आवाज त्याने बनवलेले होते. हा एकच खरा होता.

"आता?" बाईंनी विचारलं.

"आता," टापा म्हणाला.

पुढच्या आठवड्यात चित्रपट दुसऱ्या शहरात लागणार होता. तिथेही पुढच्या रांगेत दोन खुर्च्या राखून ठेवल्या होत्या.